चौथ्या लेव्हलचा खड्डा

आई,

चौथ्या लेव्हलचा तो खड्डा पार होणारा नव्हताच. तुलाच काय, कोणालाच तो जमला नसता. तुझ्या हातात काही कमी नव्हतं. हे मला इतक्या वर्षांनी अंधेरीच्या एका एसी ऑफिसात कळलं. भोवती माझ्या निम्म्या वयाची मुलं बसली होती आणि मला हे सांगताना ती हसत होती. मी हसले नाही. कॉफीचा कागदी कप हातात फिरवत बसले. तू असतीस तर दोन वाक्यांत त्यांची उतरवली असतीस. मला ते कधी जमलं नाही. मी मनातल्या मनात लोकांना नावं ठेवते आणि वर त्यांना थँक्यू म्हणून घरी येते.

ही मुलं कोण ते आधी सांगते. टीव्हीला जोडायचे जुने व्हिडिओ गेम आता कोणी बनवत नाही, पण त्यांचे भक्त निघालेत. ते गेम बाजारात होते तेव्हा यांचा जन्मही झाला नव्हता, तरी त्यांच्या आठवणीने यांचे डोळे भरून येतात. जुना गेम कम्प्युटरवर घ्यायचा, आतून उघडायचा, हिरो बदलायचा, भिंती हलवायच्या, चार लेव्हल आपल्या घालायच्या. त्याला मॉड म्हणतात. काहीजण अगदी नवा गेम लिहितात, पण तो त्या जुन्याच मशीनवर चालेल असा. त्याला होमब्रू म्हणतात. एक दाढीवाला आहे, त्याच्या वडिलांच्या ऑफिसात हे सगळे रविवारी जमतात. प्रत्येकाच्या टी-शर्टवर काहीतरी लिहिलेलं असतं. पहिल्यांदा गेले तेव्हा एकाने सोन्याच्या नाण्यांच्या जागी वडापाव टाकून आणले होते. बाकी गेम जसाच्या तसा. वडापाव गोळा केला की टिंग वाजतं. त्यावर टाळ्या पडल्या. "ओरिजिनलचा सोल राखलाय भाई," असं दाढीवाला गंभीरपणे म्हणाला. वडापावात.

मग तू तिथे जातेस कशाला, असं तू विचारशील. मला आवडतं म्हणून जाते. तुझ्याशी काय ढोंग करू? बँकेतून घरी आले, जेवणं उरकली की मी असले गेम शोधते आणि खेळते. शंभरातले नव्वद कचरा असतात. पण एखादा असा निघतो, की करणाऱ्याने प्रत्येक वीट हाताने ठेवलीय हे कळतं. त्या टोळक्यात वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला एक मुलगा आहे, कमी बोलतो. त्याने होमब्रू केलाय, त्यात नुसते बोंबील वाळत घातलेत. आडव्या काठ्यांवर बोंबलांच्या जोड्या, वरून कावळे येतात आणि एक म्हातारी त्यांना हाकलते. बस, एवढंच. म्हातारी एका जागी जास्त वेळ उभी राहिली तर पाय दुखून सावकाश चालायला लागते. हे ज्याला सुचलं त्याला मी नावं ठेवू शकले नाही. पूर्ण रविवार मी ते कावळे हाकलत बसले होते.

आपल्या मुलुंडच्या खोलीत गेम आला तो माझ्यासाठी, असं निदान बाबांना तरी वाटलं होतं. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून तू तो आणलास आणि त्याच्याबरोबर ती एकच पिवळी कॅसेट. वर चित्र विमानाचं आणि आत विमानाचा पत्ता नाही. आत एक ठेंगणी बाई होती, डोक्यावर अंबाडा, आणि ती खांबांवरून उड्या मारत पळायची. औषधांच्या कंपनीतून पॅकिंगची पहिली पाळी करून तू दुपारी येतेस, हातपाय धुतेस, चहा घेतेस आणि चटई टाकून एक गुडघा उभा करून बसतेस. मशीन तापतं म्हणून ते उपड्या ताटावर ठेवलेलं. मी तुझ्या डावीकडे. आपल्या घरचा नियम एकच होता. लेव्हल झाली की गेमचा रिमोट दुसऱ्याकडे. मग कितीही रंगात आलेलं असो. तू न बघता रिमोट डावीकडे सरकवायचीस आणि म्हणायचीस, "घे, चान्स तुझा." आणि मधेच उठावं लागलं, पाणी आलं, कुकर लावायचा असला, तर पॉज करून टीव्हीवर नॅपकिन टाकायचा. नॅपकिन असला की टीव्हीला कोणी हात लावायचा नाही.

"अगं, बातम्या लागल्या असतील," बाबा म्हणायचे.

"लागू देत. तुमच्या बातम्या उद्यापण त्याच असणार. माझी बाई आत्ता खांबावर उभी आहे."

शेजारच्या काकू दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "पोरीला द्यायचं सोडून स्वतःच खेळत बसलीस होय गं?" त्यावर तू म्हणालीस, "पोरगी घाबरत घाबरत खेळते. बघवत नाही मला." मी तिथेच बसले होते. तू कोणालाच सोडायची नाहीस. खेळताना जीभ बाहेर काढणारा, उडी मारून झाल्यावर बटण दाबणारा, हरल्यावर रिमोटला दोष देणारा, या सगळ्यांसाठी तुझ्याकडे एकच शब्द होता, भंगार. आणि तू स्वतः उडी मारताना दोन्ही हातांनी रिमोट कपाळापर्यंत उचलायचीस, जसं काही तू उचललंस म्हणून ती बाई वर जाणार होती.

मग काकूंच्या मुलाला त्याच्या दुबईच्या मामाने कॅसेट आणून दिली. तोच गेम, तेच खांब, पण पळणारा टोपीवाला पुरुष. मुलगा आपल्याला बोलवायला आला, आपण दोघी गेलो. तू कमरेवर हात ठेवून उभ्यानेच पाहिलंस.

"हा कोण बाबा?"

"काकी, हाच तर हिरो आहे."

"चल. नकली आहे हा. आमच्या बाईची कॉपी मारून पुरुष केलाय. बघ, पळतो पण तिच्यासारखाच."

"ओरिजिनल आहे काकी! मामाने दुबईवरून आणलीय."

"दुबईत नकली मिळत नाही होय?"

आणि पहिली लेव्हल संपायच्या आत तू निघालीस. मीही तुझ्यामागे निघाले. त्यानंतर त्या घरात गेम लागला की आपण आपला दरवाजा लोटून घ्यायचो. तू हे खरंच मानत होतीस. कोणीतरी आपली बाई चोरली होती आणि शेजाऱ्यांना ती चोरी महाग पडली होती, याचा तुला आनंदही होता. मोठी झाल्यावर मला कळलं की नकली आपलीच होती. कुठल्यातरी कारखान्यात कोणीतरी त्या पुरुषाची टोपी पुसून तिथे अंबाडा रंगवला होता आणि गेम स्वस्तात विकायला काढला होता. म्हणजे मॉडच. तरी तो टोपीवाला मी आजवर कधी लावला नाही. तुझ्या आयुष्यातला एकमेव गेम मॉड होता आणि तू ओरिजिनलला हाकलून दिलंस.

खड्डा चौथ्या लेव्हलला होता, पांढऱ्या खांबांनंतर. तिथे आपण कायम पडायचो. मी कंटाळून सोडून दिलं, तू सोडलं नाहीस. लांबून पळत ये, अगदी काठावरून उडी मार, आधी थांब आणि मग मार, सगळं करून झालं. काकूंचा मुलगा एकदा म्हणाला, "काकी, अनलिमिटेड लाइफची कॅसेट येते, आणू का?" तू त्याच्याकडे झुरळाकडे बघावं तसं बघितलंस. "मरायचंच नाही तर खेळायचं कशाला?" तो पोरगा पुन्हा आपल्याकडे आला नाही.

शेवटच्या वर्षी कंपनी सुटली, औषधं सुरू झाली आणि दुपारी तू घरीच असायचीस. मी कॉलेजातून येते तेव्हा तू भिंतीला टेकून बसलेली असतेस, उशी पाठीशी, आणि बाई खड्ड्याच्या काठावर. तुझी बोटं थरथरतात. तू उडी मारतेस, रिमोट आता छातीपर्यंतच वर जातो, बाई पडते. एका दुपारी तू रिमोट चटईवर ठेवलास आणि म्हणालीस, "माझ्यातच दम नाही गं. भंगार झालाय हात." लोकांसाठीचा शब्द तू स्वतःला लावलास. मग म्हणालीस, "पलीकडे काय आहे ते तू बघ आणि सांग मला." मी बरं म्हटलं. तुझ्यानंतर मी त्या काठापर्यंत पुष्कळदा गेले आणि पुष्कळदा पडले. मग मशीन बिघडलं, कॅसेट मात्र कपाटात राहिली.

गेल्या महिन्यात ती पिवळी कॅसेट मी त्या मुलांकडे नेली. त्यांच्याकडे कॅसेटमधला गेम कम्प्युटरवर उतरवून घ्यायचं यंत्र आहे. गेम मोठ्या पडद्यावर लागला, बाई पळायला लागली आणि सगळे किंचाळले. "ताई, हा तर नकलीचा पण नकली आहे!" फार दुर्मीळ कचरा आहे म्हणून त्यांना तो आवडला. मी म्हटलं, चौथ्या लेव्हलचा खड्डा बघा जरा. वर्सोव्याच्या मुलाने आतलं उघडून बघितलं. मूळ गेममध्ये त्या खड्ड्याच्या मधोमध एक तरंगती फळी आहे. ज्याने अंबाडा घुसवला त्याने ती चुकून पुसून टाकली. फळीशिवाय तिथून कोणी जाऊच शकत नाही, कितीही लांबून पळत या. दाढीवाल्याला हसू आवरेना. "म्हणजे तुमच्या मम्मी एवढी वर्षं इम्पॉसिबल जंप मारत होत्या? काय भारी स्टोरी आहे ताई!" माझ्या डोळ्यांसमोर काकूंचा दरवाजा आला. तू तिथे चौथ्या लेव्हलपर्यंत उभी राहिली असतीस तर फळी दिसली असती. पहिलीही संपू दिली नाहीस.

दाढीवाला सुटलाच होता. "आपण हा रिस्टोअर करून रिलीज करू. नाव ठेवू मम्मी एडिशन. हिरोईनला साडी देऊ, हातात लाटणं."

"लाटणं नको," मी म्हटलं.

"मग काय, झाडू?"

सगळे हसले. कौतुकानेच हसले, ते मला जास्त लागलं. तू एखाद्या गेमच्या पहिल्याच चित्रात लाटणं घेऊन नाचावंस आणि कुणीतरी बर्गर खात खात तुझं कौतुक करावं! मी म्हटलं, "माझी कॅसेट द्या. आणि कम्प्युटरवरचंही पुसा." एवढं बोलायलाही मला घाम फुटला. लिफ्टपाशी वर्सोव्याचा मुलगा मागे आला.

"ताई, साडीबिडी काय करत नाय. माझ्याकडे कॉपी आहे अजून, एक फळी टाकतो फक्त, बाकी तुमचा गेम तसाच. पाठवू?"

"नको."

"बरं. पाठवतो, उघडू नका."

फाइल आली. ती मी उघडणार नव्हते. दुसऱ्याने टाकलेल्या फळीवर पाय ठेवून जायचं म्हणजे अनलिमिटेड लाइफचाच प्रकार, असं माझं ठरलं होतं. ग्रुपवर दाढीवाल्याने विचारलं तेव्हा मी लिहिलंही, की मी ती डिलीट केली, मला असल्या गोष्टींत रस नाही. त्यावर त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. मूर्ख आहे, पण सॉरी म्हणाला.

आई, मी ती डिलीट केली नाही. असले गेम खेळायला मी एक मशीन घेतलंय, काल दुपारी ते टीव्हीला जोडून ती लावली. पांढरे खांब आले, खड्डा आला, मधे फळी. उडी मारताना माझे दोन्ही हात रिमोटसकट कपाळापर्यंत गेले, आणि बाई फळीवर उतरली, तिथून पलीकडे. तुला पलीकडचं सांगायचं कबूल केलं होतं, म्हणून सांगते. पलीकडे थोडीशी जमीन आहे, एक झाड आहे आणि तिथेच लेव्हल संपते. तू अगदी शेवटाशी पडत होतीस.

पाचवी लेव्हल सुरू झाली, निळं आकाश, बाई उभी. पुढे काय आहे ते मी बघितलं नाही. पॉज केलं, स्वयंपाकघरातला नॅपकिन आणून टीव्हीवर टाकला. संध्याकाळी नवरा आला आणि म्हणाला, "हे काय? मॅच लावू ना?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मोबाइलवर मॅच लावली. मशीन अजून चालू आहे, खाली ताट ठेवलंय. रिमोट मी माझ्या उजवीकडे सरकवून ठेवलाय. लेव्हल झाली आहे, चान्स तुझा.