बाभळीच्या सावलीतली गाडी

मंगळवार, संध्याकाळ. मांडवगण फराटा.

मामांना खरं सांगायला हवं होतं का? मला ठरवता येत नाही.

आमच्या घरात आता फक्त मामांकडेच मेंढरं उरलीत. सुईला ते कायम नाही म्हणायचे. यंदा पहिल्यांदाच कोकरांना लस टोचू द्यायला तयार झाले, तेही "भाची शिकलीया, तिचा मान ठिवू" म्हणून.

लस मी काम करते त्या संस्थेच्या जुन्या गाडीतल्या फ्रीजमध्ये होती. कुणीतरी हौसेनं राहत-फिरत प्रवास करायला बनवून घेतलेली ही गाडी. तिचा फ्रीज गावात विजेवर चालतो, रस्त्यात गाडीच्या बॅटरीवर आणि रानात गॅसवर. पण गॅसवर असताना गाडी सपाट जागेवर उभी असावी लागते, नाहीतर तो गारच करत नाही. मी सकाळी सपाट जागा बघूनच गाडी लावून घेतली होती.

मी मामींबरोबर कोकरं गोळा करायला गेले, तेवढ्यात मामांनी नव्या ड्रायव्हरला सांगून गाडी बाभळीच्या सावलीत नेली. एका बाजूची चाकं बांधावर चढलेली.

"औषदाला ऊन लागत व्हतं, पोरी." केवढे खुशीत होते!

गॅसची ज्योत छान निळी जळत होती, आणि आत सगळ्या बाटल्या कोमट. लस वाया गेली होती.

"टोच की आता. उद्या आमी मेंढरं घिऊन दौंडाकडं निघनार."

ती सावली. किती मायेनं दिलेली.

बाटल्या टाकायच्या डब्यात भरल्या. मी म्हणाले, "मामा, फ्रीज जुना हाय, बिघडला."

"आगं, मग रडतीस कशापायी?"