बाबांच्या नावावरची ड्रिल

४ फेब्रुवारी
बाबांची ड्रिल मशीन गहाण टाकली. बाबा जाऊन दोन महिने झाले, ती पलंगाखाली नुसती पडून होती. तिलाही जरा हवापालट. दुकानदाराला मी चष्मा म्हणतो. चष्म्याने बिल बघितलं, म्हणाला, नाव वडिलांचं, मग सहीपण त्यांचीच लागेल, आहेत कुठे? म्हटलं, बाहेरगावी निघालेत, घरून सही आणतो. खरं सांगितलं असतं तर कागद लागले असते, वर त्याबद्दल बोलावं लागलं असतं ते वेगळंच. जिन्यात बसून सही ठोकली. प्रगतिपुस्तकावर आठ वर्षांचा सराव आहे. खुद्द बाबा फसायचे.

पैशांतून अस्वलाचा ड्रेस घेतला. प्रँकचं चॅनेल काढतोय. महिन्यात फेमस, ड्रिल परत पलंगाखाली. आईला पत्ता लागणार नाही.

१२ फेब्रुवारी
पहिला प्रँक. अस्वल होऊन जिन्यात दबा धरला. वरच्या मावशी आल्या. मी जोरात गुरगुरलो. मावशींनी भाजीची पिशवी माझ्या पंजात दिली, म्हणाल्या, आलाच आहेस तर वर नेऊन ठेव, आणि जेवलास का रे? चपलांवरून ओळखलं म्हणे.
व्हिडिओ नऊ जणांनी बघितला. त्यात सहा वेळा मीच.

१ मार्च
आजपासून रोज एक व्हिडिओ. नक्की.

२ मार्च
ड्रेसमध्ये फार उकडतं. उद्यापासून.

१९ मार्च
आईने बाबांचा फोटो फ्रेम करून आणला. भिंत काँक्रीटची, खिळा वाकतो. म्हणाली, ड्रिल काढ रे. म्हटलं, ड्रिलचं पुढचं बिट मोडलंय, आणतो. फोटो सध्या फ्रिजला टेकवून ठेवलाय. दूध काढायचं तर आधी बाबांना सरकवावं लागतं. सरकवतो. काही वाटत नाही.

११ एप्रिल
बिट अजून आणलं नाही का, असं आईने विचारलं. म्हटलं, त्या साइजचं मिळत नाही. बाबा असते तर साइज विचारली असती.

६ मे
गहाणाची मुदत संपली. घाबरायचं कारण नाही. पावतीच्या मागे नियम छापलेत, आज वाचले. आधी पोस्टाने नोटीस द्यायची, मग पंधरा दिवस थांबायचं, मगच वस्तू लिलावात काढायची. आता नोटीस येणार बाबांच्या नावाने. बाबा ती घेणार कशी? नोटीस पोचली नाही तर लिलाव नाही. म्हणजे ड्रिल जन्मभर सेफ, गोडाऊन फुकट. शेवटच्या ओळीवर चहा सांडलाय, पण मुद्दा आला लक्षात. मी वकीलच व्हायचो, गणित आडवं आलं.

१५ मे
पोस्टमन आला. बाबांच्या नावाचं रजिस्टर पत्र. आई आंघोळीला गेली होती, नशीब. म्हटलं, बाहेरगावी गेलेत. म्हणाला, येणार कधी? म्हटलं, सांगून नाही गेले. त्याने पाकिटावर काहीतरी खरडलं आणि परत घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, फार फिरतात बुवा तुमचे वडील. म्हटलं, हो ना.
कायदा माझ्या बाजूने. दुपारी झोपलो. संध्याकाळीही झोपलो.

४ जून
ताईचा फोन. रविवारी येतेय, फोटो भिंतीवर दिसला पाहिजे, बाबांना काय फ्रिजची राखण करायला बसवलंय का, म्हणाली.

अस्वल घेऊन चष्म्याकडे गेलो. म्हटलं, हे ठेवा, ड्रिल द्या. म्हणाला, केसाळ माल घेत नाही, आणि ड्रिल मंगळवारीच लिलावात गेली. मी नोटिशीचा मुद्दा काढला. त्याने कोरी पावती काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. दिलेल्या पत्त्यावर नोटीस पाठवली की पोचली असं धरायचं, परत आली तरी.

मग म्हणाला, कर्ज-व्याज वजा जाऊन वर पैसे उरलेत. ते कायद्याने माझे नाहीत, तुझ्या वडिलांचे. म्हटलं, द्या, मी देतो त्यांना. म्हणाला, ज्याचं नाव त्याच्याच हातात, नाहीतर वर्षाने सरकारजमा. येतात कधी ते?
मी काउंटरवरच्या वजनकाट्याकडे बघत राहिलो. शून्यावर होता. म्हटलं, येतील.

७ जून
ताईने येतानाच प्लंबरला धरून आणलं. ह्याच्या बिटाची वाट बघितली तर माझाही फोटो फ्रिजला लागेल, म्हणाली. प्लंबरने पिशवीतून ड्रिल काढली. मुठीला हिरवी टेप. ती टेप बाबांनी गुंडाळलेली. प्लंबर खुशीत सांगत होता, लिलावात उचलली काकू, कोणीतरी सोडवायलाच आलं नाही. लोकांना किंमत नसते.

आईने ड्रिल हातात घेतली. टेपचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून बसवलं. परत दिली. मला एवढंच म्हणाली, खाली पेपर धर, धूळ पडते.
धरला. बाबा भोक पाडायचे तेव्हाही पेपर मीच धरायचो.
फोटो जरा वाकडा लागलाय.

८ जून
चष्म्याकडे गेलो. सांगून टाकलं, बाबा येणार नाहीत. डिसेंबरपासूनच नाहीत. एका दमात सांगितलं. चष्म्याने स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाला, मृत्यूचा दाखला आण, आणि ह्या फॉर्मवर वारस म्हणून आईची सही.

जिन्यात बसलोय. फॉर्म मांडीवर आहे, पेन आहे.
आईची सही मला येत नाही. कधी गरजच पडली नाही.