जग शांत झालं की

॥ श्री मन्मथमाउली प्रसन्न ॥

बीड, ४ मे

ती. सौ. वर्षाराणीताईस,
धाकट्या कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

पोस्टमन दारात बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. घरोघरी फोन असताना ही पत्र का लिहिते असं दाजी विचारतील, म्हणून आधीच सांगते. माझा फोन आमच्या थोरल्या दिरांनी, शिवलिंगअप्पांनी, आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर एवढंच म्हणाले होते की बातम्या बेतानं बघा. अप्पांनी त्या शब्दाचा अर्थ बेतानं लावला नाही. टीव्ही माझ्यासमोर लावायचा नाही, पेपर वाचायचा नाही, आणि माझ्यादेखत कुणी परदेशाचं नाव काढायचं नाही. परवा शेजारच्या सावित्रीबाई दुबईच्या जावयाची खुशाली सांगत होत्या, तर सासूबाईंनी, आमच्या आत्याबाईंनी, त्यांना चहा अर्धा ठेवायला लावून उठवलं.

मार्चमध्ये मी जे केलं त्याची घरात रोज उजळणी होते. तुला कुणीतरी वाढवून सांगितलं असेल, म्हणून खरं तेवढं लिहिते. समुद्रापलीकडचं ते शहर पडलं, तिथली लेकरं उघड्यावर निजलेली दिसली आणि माझी झोप उडाली. झोप उडाली की माझं पुढचं सगळं चढत जातं, हे तुला माहीत आहे. एका पहाटे मी दुकानातल्या चादरींचे गठ्ठे रिक्षात घातले आणि यष्टी स्टँडच्या पार्सल खिडकीवर नेले. तिथला माणूस भला. तो हसला नाही. त्यानं गावाचं नाव लिहून घेतलं आणि पिन कोड विचारला. तो मला येत नव्हता. तिथंच बसून मी रडले. मग घरचे आले, मग दवाखाना. तो आजार होता, मी नाही म्हणत नाही. गोळी वेळेवर घेते.

पण आता बरी आहे, आणि लग्नसराई आहे. बायका बस्ता बांधायला येतात आणि मला विचारतात. अप्पा सांगतात, कावेरीला बरं न्हाई. मी काल विचारलं की दुकानात कधीपासून बसू. अप्पा म्हणाले, जग शांत झालं की बस. ताई, दिवाळीपर्यंत थांब म्हटलं तर माणूस थांबतो. जग शांत व्हायची वाट बघत किती दिवस भाजी निवडायची?

गंमत अशी की डॉक्टर मला दर खेपेला जे प्रश्न विचारतात ते मला पाठ आहेत. झोप कमी झाली का, बोलणं वाढलं का, खर्च वाढला का, आपल्याला लई कळतं असं वाटतं का. आमच्या घरात सध्या या सगळ्याला हो म्हणावं असे एकटे अप्पा आहेत. दुकानातला टीव्ही दिवसभर चालू. मध्यरात्री उठून मोबाइल बघतात. गॅसच्या जास्तीच्या टाक्या आणल्या, तेलाचे डबे माळ्यावर चढवले, आणि विमानांना उजेड दिसू नये म्हणून दुकानाच्या काचांना काळा कागद लावला. गिऱ्हाईक दुकान बंद समजून परत जातं. अप्पा म्हणतात, बघा, लोकांत कशी दहशत हाय! हे सगळं करूनही त्यांना कुणी गोळी देत नाही, कारण त्यांच्यासारखंच बोलणारे टीव्हीत कोट घालून बसलेले असतात.

हे सुरतेला मालाच्या खरेदीला गेलेत, तिकडंच अडकलेत. फोन अप्पांनाच येतो. अप्पा सांगतात, बंदोबस्त हाय.

माझ्या मनाला चढउतार आहेत, तुझ्या लोभाला नसावेत, ही विनंती.

तुझी,
कावेरी


माजलगाव, ९ मे

चि. सौ. कावेरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. पाकीट बघून तुझे दाजी खरंच घाबरले. त्यांनी ते आधी उन्हाकडे धरून पाहिलं, मग म्हणाले, तूच फोड.

मी एक ठरवलं आहे. दर सोमवारी मी तुला आठवड्याची बातमी लिहून पाठवत जाईन. तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर ती निवलेली असेल. अप्पांनी विचारलं तर सांग, माहेरचं पत्र आहे, त्याला जप्ती नाही. तर या आठवड्याची बातमी: एक मोठे साहेब म्हणाले की लढाई संपली. दुसरे मोठे साहेब म्हणाले, कुठं संपली? मग दोघंही म्हणाले की आम्हीच जिंकलो. आमच्याकडे पेट्रोल संपणार अशी आवई उठली आणि पंपावर मोटारसायकलींची रांग धरणाच्या रस्त्यापर्यंत गेली. रांगेत उभं राहूनच निम्म्यांचं पेट्रोल संपलं. मोंढ्यातले आश्रुबा हमाल-तोलाऱ्यांना क्षेपणास्त्राचा वेग समजावून सांगत होते, त्यात त्यांची गावाकडची गाडी हुकली. धरणात पाणी आहे. एवढीच बातमी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिते आहे.

आता एक विचारते, रागावू नको. तुझं अक्षर नेहमीपेक्षा लई मोठं आलंय. एका पानावर मोजक्याच ओळी. मागं तुझं चढायला लागलं होतं तेव्हाही असंच व्हायचं. झोप येते ना? गोळी चुकवत नाहीस ना? मी लांब आहे, म्हणून मनात येतं.

रसाचे दिवस संपायच्या आत चार दिवस ये. लोभ तर माझ्याकडून वाहतोच आहे, तू त्याला पाट काढून ठेव.

तुझी,
ताई


बीड, १५ मे

ती. सौ. ताईस,
कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर मोठं आलं, कारण माझा चष्मा फोनच्या पाकिटात होता आणि पाकीट अप्पांच्या कपाटात आहे. मागितला, तर म्हणाले, वाचायचंच न्हाई तर चष्मा कावून पाहिजे? तुझी बातमी मी सावित्रीबाईंच्या चष्म्यातून वाचली. पण तुझ्या प्रश्नाला मी थोडी रडले. मी हसले की घरात विचारतात, चढली का. गप्प बसले की विचारतात, उतरली का. तूही विचारलंस. तुझं चुकलं नाही, मीच स्वतःला दिवसातून किती वेळा विचारते. माझ्या मनात आलेली गोष्ट माझी आहे की आजाराची, हे आधी तपासायचं आणि मग ती बोलायची. तोवर बाकीच्यांचं जेवण उरकतं.

आता अक्षर वेडंवाकडं दिसेल, त्याचं कारण वेगळं आहे. नीट ऐक.

टीव्हीवर सांगितलं की समुद्रातून जहाजं यायची बंद झाली. अप्पांनी विचार केला की मीठ समुद्रातून येतं. त्यांनी मोंढ्यातून मिठाच्या गोण्या आणल्या आणि धान्याच्या खोलीत कुलूपबंद केल्या. इथवर ठीक होतं. पण मग ते म्हणाले, उद्या मीठच न्हाई मिळालं तर? आत्तापासून सवय पाहिजे. तेव्हापासून घरात गोण्या भरून मीठ आहे आणि वरण अळणी, भाजी अळणी, भाकरी अळणी. आत्याबाईंनी लोणच्याची बरणीसुद्धा आत ठेवली. अप्पा स्वतः दुपारी दुकानात भजी मागवतात. ती बाहेरची, त्यांचा या घराच्या सरावाशी संबंध नाही.

ताई, या गोळीवर असताना मीठ-पाणी कमी करायचं नाही, असं मला डॉक्टरांनी बजावलं आहे. मीठ कमी पडलं की ती गोळी अंगात साठत जाते. मी हे सांगितलं. अप्पा म्हणाले, गोळी डोक्याची, मीठ पोटाचं. एक संबंध दाखव. ऊन असं की अंगाला घाम धरवत नाही. आधी बोटं कापायला लागली, मग पोट बिघडलं, आता चहाची कपबशी हातात राहत नाही आणि चालताना तोल जातो. काल बोलताना जीभ अडखळली.

घरात सगळ्यांचं एकमत झालं की मी कुठून तरी बातमी ऐकली. शोध सुरू झाला. उशी उसवून पाहिली. फडताळात डब्यांखाली अंथरलेले जुने पेपर काढून नेले. त्यात एक पेपर माझ्या लग्नाच्या वर्षीचा होता. छबुबाई धुणं धुताना गाणं म्हणतात, त्यांना विचारलं की यात काही निरोप हाय का?

खरं सांगू, आज सकाळी मलाही वाटलं की हे सगळे बरोबर असतील. एवढी माणसं एका बाजूला आहेत, आणि दुसऱ्या बाजूला मी एकटी, तीही कागदोपत्री आजारी. पण हात बघते तर ते बातमीनं कापत नाहीत, ताई. बातमीनं माझं काय होतं ते मला ओळखू येतं. हे ते नाही.

पत्र छबुबाईंजवळ देते आहे. तू ये असं म्हणत नाही, तुलाही घर आहे.

ये.

कावेरी


बीड, २४ मे

सौ. वर्षाराणीताई यांस,
शिवलिंगअप्पा यांचा सप्रेम शरणार्थ. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण आलात तेव्हा माझ्याकडून बोलण्यात कमीजास्त झालं असल्यास ते त्या वेळच्या जागतिक परिस्थितीमुळे झालं, असं समजावं. तरी आपणही पाहुण्या असून थेट दुकानात आलात आणि बस्त्याच्या गिऱ्हाइकांसमोर माझ्याकडे मिठाच्या खोलीची किल्ली आणि कावेरीला न्यायला गाडी मागितलीत, हे रीतीला धरून नव्हतं. ते लोक नंतर मला विचारत होते, तुमच्या घरात मीठ पण मागून घ्यावं लागतं का.

कावेरीची तब्येत आता ठीक आहे. आपण गेल्यावर रक्ताचा दुसरा रिपोर्ट आला. गोळीचं प्रमाण उतरलं आहे. डॉक्टरांनी गोळी थांबवली होती ती आता कमी मात्रेनं पुन्हा सुरू केली. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं ते म्हणाले. त्यांनी हे दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा माझ्याकडे बघून. धाकटा रुद्रेश सुरतेहून आला आहे. तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

आपण औषधं आणायला गेला होतात तेव्हाची एक गोष्ट सांगतो. मी दवाखान्यात कावेरीच्या खाटेजवळ बसलो होतो. बाटली थेंब थेंब चालली होती. नर्सला विचारलं, एवढं महागाचं काय चढवताय? ती म्हणाली, सलाईन हाय, मिठाचं पाणी. ताई, मी घरी गोण्या भरून ठेवल्या होत्या.

नंतर डॉक्टरांनी मलाही बसवून घेतलं. झोप किती, बोलणं वाढलं का, खर्च वाढला का. मी म्हणालो, साहेब, पेशंट त्या हायेत. ते म्हणाले, हो, माहिती आहे, आणि लिहीत राहिले. शेवटी म्हणाले की तुम्हाला आजार नाही, तुम्हाला टीव्ही आहे. सध्या तो बंद केला आहे. घर फार शांत वाटतं. काय चाललंय काही कळत नाही. आपण कावेरीला दर सोमवारी पत्र पाठवता, असं समजलं. या सोमवारचं अजून आलं नाही.

चष्मा दिला आहे. फोनही दिला आहे.

मनात राग असल्यास तो कमी करावा, लोभ असल्यास तो राखावा.

आपला,
शिवलिंगअप्पा


बीड, ९ जून

ती. सौ. ताईस,
कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

फोन असूनही पत्रच लिहिते, त्याचं कारण पुढं येईल. तब्येत बरी आहे. हात स्थिर आहेत. अक्षर तपासून घे, आता चष्माही माझाच आहे. मन म्हणशील तर मधल्या पायरीवर आहे. तिथं उभं राहायला रोज थोडे कष्ट पडतात, पण उभी आहे.

जग शांत झालेलं नाही, तुझ्याच पत्रात तसं आहे. तरी मी दुकानात बसते. गेल्या आठवड्यात मी उठून गेले आणि साड्यांच्या गादीवर माझ्या जागी बसले. अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि काचेवरचा काळा कागद नखानं खरवडायला लागले. तो निघता निघत नाही. दुकान अर्धं उजेडात आहे. मृगाआधीच्या दमट हवेनं गोण्यांतलं मीठ पाझरायला लागलं, म्हणून अप्पांनी नवी योजना काढली: प्रत्येक बस्त्याबरोबर मिठाची पिशवी मोफत. शहरात बोलबाला झाला आहे. समोरच्या दुकानदारानं साखर ठेवली, तरी गर्दी आमच्याकडंच आहे. आत्याबाई आता माझ्या ताटात एवढं मीठ वाढतात, की ते मी अर्धं परत ठेवते.

टीव्ही अजून बंद आहे. अप्पांचे पहिले दिवस फार हालाचे गेले. दर गिऱ्हाइकाला विचारायचे, काय म्हणतंय जग? शेवटी तुझं पत्र आलं की ते दुकानात मोठ्यानं वाचायचं, अशी रीत पडली. मी वाचते. अप्पा, हे, आलेली गिऱ्हाइकं, कधी सावित्रीबाई, सगळे ऐकतात. आश्रुबांची गाडी पुन्हा हुकली यावर सगळे मनापासून हसले. एका बाईनं तर विचारलं की पुढची बातमी कधी येणार, त्याच दिवशी ब्लाऊजपीस घ्यायला येते. म्हणून मीही फोन न करता पत्रच लिहिते, तुझं उत्तर पत्रानंच यावं.

कालच्या पत्रात तू त्या शहराचं लिहिलं होतंस. दोनच ओळी होत्या, की तिथली शाळाही आता उरली नाही आणि लेकरं अजून उघड्यावरच निजतात. तिथंच मी पत्र खाली ठेवलं. मी मांडीवरच्या साडीत तोंड घालून रडले. चांगलं हमसून हमसून. ताई, मला पुढचं सगळं पाठ होतं. अप्पा माझ्याकडे बघणार, मग ह्यांच्याकडे, मग कुणीतरी विचारणार की गोळी घेतली का. मी वाट बघत बसले.

अप्पांनी पाहिलं. माझ्यापुढची उलगडलेली साडी त्यांनी ओढून घेतली आणि घडी घालायला लागले. आयुष्य कापडात गेलं, पण घडी तिरकीच पडली. ती मोडून पुन्हा घातली. मग गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, कावेरी, त्या यष्टीवाल्यानं पिन कोड मागितलता न्हाई का. तो सापडला का कुठं?

मला नाही माहीत. दाजींना नकाशातलं कळतं, त्यांना विचार. चादरी कपाटातच आहेत.

लोभ आहेच. पत्ता तेवढा कळव.

तुझी,
कावेरी