नानासोंच्या फेट्याखालचा कापूस

पलूस, २० मार्च २०२५

ती. समीक्षाताईस,
क्रांतीचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुझा फोन आला की आमच्या सासूबाई तो स्पीकरवर टाकतात आणि माझ्याआधी उत्तरंही देतात. पत्र तेवढं अजून स्पीकरवर लागत नाही.

शिवांजलीला सहावं लागलं. सांगलीच्या डॉक्टरांनी ऑटिझम लिहून दिला त्याला दोन वर्षं झाली, पण तो कागद कपाटात आणि बाहेर सगळी गल्ली डॉक्टर. एकीचं म्हणणं, जिभेला वेखंड लाव. दुसरी म्हणते, पाठीवर भाऊ येऊ दे, आपोआप बोलेल. सासूबाईंनी पोपटाचा उष्टा पेरू चारायचं मनावर घेतलंय. कोपऱ्यावरच्या गुंडाकडे पोपट आहे, तो हल्ली आमच्याशी मंत्र्यासारखा वागतो. गुंडा म्हणतेय मी, पोपट नव्हे. यांना, म्हणजे अमृतना, पोस्टिंगवर फोन केला तर ते म्हणाले, नाना म्हणतील तसं कर.

आणि नाना, म्हणजे आमचे मामंजी नानासो, काहीच म्हणत नाहीत. दूधसंस्थेचे माजी चेअरमन, पंचक्रोशीतला एक सत्कार त्यांच्याशिवाय होत नाही, पण नातीच्या बाबतीत तोंडाला कुलूप. पाहुणे आले की पोर लाजरी आहे म्हणून सांगतात आणि मला नजरेनेच खुणावतात, की तिला मागच्या खोलीत ने. मी नेते.

आता शाळेचं आलंय. हेडमास्तर म्हणाले, बोलायला लागली, एका जागी बसायला लागली की आणा. कायद्याने नाही म्हणता येत नाही हे मलाही कळतं, पण गावात कायद्यापेक्षा नानांचा शब्द लवकर पोचतो. ते स्वतः नऊ वर्षं शाळा समितीत आहेत. जूनमध्ये नाव लागलं नाही तर पोरीचं आणखी एक वर्ष त्या खोलीत जाईल. मला रात्रंदिवस त्याचीच भीती वाटते.

अश्लेषाला पापा. माझ्यावर माया आहे तेवढी ठेव, ओरडायचं थोडं कमी कर.

तुझी,
क्रांती


सातारा, २७ मार्च २०२५

चि. सौ. क्रांतीस,
अ. उ. आ.

ओरडणं कमी होणार नाही. पोपटाला शेजारणींपेक्षा अक्कल जास्त असावी, तो निदान ऐकलेलंच बोलतो. पेरू धुऊन तूच खा.

आमच्या पालकगटात नव्या आईला पहिल्या दिवशी सांगतो तेच तुला लिहिते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चित्रं लाव: अंघोळ, वेणी, भाकरी, खेळ. एका वेळी एकच गोष्ट सांग आणि मग गप्प राहा, तिला वेळ लागतो. मिक्सर लावण्याआधी तिला दाखव. ती कान झाकते ते हट्टाने नाही, तिला खरंच दुखतं. माझ्या अश्लेषाच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं. मी तिला सहा वर्षं हट्टी म्हणत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

आता तुझं. नाना नजरेने खुणावतात, पण त्या खोलीचं दार कोण लावतं? सगळ्या गल्लीची टिंगल केलीस, स्वतःला बरी वगळलीस.

नानांना सांग, २ एप्रिल हा जगभर ऑटिझमचा दिवस पाळतात. त्या दिवशी तरी चार माणसांत तो शब्द एकदा उच्चारावा, जीभ झडत नाही. आणि तू पहिल्या शनिवारी पोरीला घेऊन गटात ये.

सासूबाईंना नमस्कार, स्पीकरवरूनच. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझी,
समीक्षाताई


पलूस, ४ एप्रिल २०२५

ती. समीक्षाताईस,
सा. न. वि. वि.

तू चार माणसं म्हणालीस, नानांनी चारशे जमवली. हे सगळं तुझ्यामुळे झालं, म्हणून सविस्तर वाच.

जगभर पाळतात म्हटल्यावर त्यांना एकच रीत माहीत: सत्कार. चौकात मांडव, शाल, नारळ, हलगी आणि माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. फ्लेक्सवर फेटा बांधलेले नाना, त्यांच्याभोवती अकरा पुढारी आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी शिवांजली. वर मोठ्या अक्षरांत ऑटिझम दिनाच्या हार्दिक शुभेच्छा. तिला आवाज सोसत नाही हे मी तीनदा सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, एवढ्या मोठ्या मानाच्या कार्यक्रमाला आवाज नको व्हय?

स्पीकर सुरू झाला आणि पोरीने कान झाकून किंकाळी फोडली. हेडमास्तर पुढच्याच रांगेत, त्यांच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेलं, की बघा, मी सांगत होतो. मी धावले, ताई, आणि खरं सांगते, तिला मागच्या खोलीत न्यायलाच धावले. तुझं पत्र माझ्या ब्लाउजमध्ये होतं, तरी पाय तिकडेच वळले.

ती माझ्या हातून निसटली, मांडवामागे गेली आणि प्लग उपटला. घरी माझ्या मिक्सरचा रोज उपटते, तिला शोधावं लागत नाही. सगळं गप्प झालं. नाना बंद माइकपुढे उभे. कुणीतरी प्लग लावायला निघालं तर त्यांनी हाताने अडवलं आणि घामाघूम होऊन फेटा काढला. दोन्ही कानांतून कापसाचे बोळे खाली पडले.

सासूबाईंनी घरी सांगितलं, आवाजाने त्यांचं डोकं फुटायला येतं, तीस वर्षं प्रत्येक सत्काराला कानात कापूस घालून बसतात. वातीचा कापूस एवढा कुठे जातो ते मला आता कळलं.

तर मांडवात पोरीने त्यातला एक बोळा उचलला, निरखला आणि नानांच्या हातात परत दिला. मग त्यांनी माइकशिवाय सांगितलं, की ही माझी नात, हिला ऑटिझम आहे, आणि आजचा दंगा ही माझी चूक. पुढच्या पाच रांगांना ऐकू आलं. बाकीचे जेवायला गेले होते.

उद्या गटात येत नाही, पोर दोन दिवस थकलीय. शाळेचं मात्र अजून तिथेच. पण मागच्या खोलीत आता ज्वारीची पोती ठेवलीत, मीच ठेवली.

ओरडा खाल्ला, तो कामी आला. असाच पाठवत जा.

तुझी,
क्रांती


पलूस, १७ जून २०२५

चि. सौ. समीक्षाताई यांस,
नानासोंचा आशीर्वाद.

लेटरहेड जुनं हाय, माजी चेअरमन लिहिलेलं. कागद वाया घालवू नये म्हणून वापरतो.

काल शाळा उघडली. शिवांजलीला घेऊन मी स्वतः गेलो. क्रांती म्हणाली फेटा नको, म्हणून टोपी घातली. डॉक्टरांचा कागद कपाटातून काढून मास्तरांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, पोरगी बोलत न्हाई, एका जागी बसत न्हाई, मधूनच उठून जाते, नाव कसं लिहायचं. मी म्हटलं, तुमच्या शाळा समितीत मी नऊ वर्षं हाय. एका बैठकीत तोंड उघडलं न्हाई, पाच मिनिटांवर बसलो न्हाई, मधूनच उठून चहाला गेलो. माझं नाव कुणी कापलं न्हाई, तवा हिचं लिवा. त्यांनी लिवलं.

तुमच्या चित्रांत शाळेचं चित्र नव्हतं, ते मी काढून भिंतीला लावलं. क्रांतीची सासू, आमची बनुबाई म्हणती, गोठ्यागत दिसतंय. शिवांजलीला कळलं, तेवढं पुरं.

ते मोठे कान-झाकणे तुम्ही पाठवलेत ते पोरीला लय आवडले. मलाबी एक जोड पाठवा. श्रावणात चार सत्कार हायती.

५ जुलैच्या शनिवारी मी आणि शिवांजली तुमच्या गटात येतो. तिथं आमचा सत्कार ठेवू नये. लोभ असावा, तो माइकशिवाय असावा.

आपला,
नानासो