गिअरच्या सळीला गुंडाळलेली अंबाडी

१८ नोव्हेंबर १९९१, जळगाव

सडा टाकून झाला होता, पाणी भरून झालं होतं. चुलीवर तवा तापत होता. शेडमध्ये गाडी, गाडीखाली हे. बाहेर फक्त पाय, एका पायात चप्पल. गाडीखालून हात आला, तळवा वर. "दे." मी वळलेली अंबाडी एरंडेलात बुडवून त्या तळव्यावर ठेवली. थोड्या वेळाने तोच हात पुन्हा आला, त्यात जुनी, काळी पडलेली अंबाडी. ती मी चुलीत सारली. तेल प्यालेली, लगेच भुरकन पेटते. भाकरी थापायला बसले.

आज सकाळी उगाच हेच आठवत राहिलं. तेव्हा त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

गिअरच्या दांड्यापासून खाली गिअरबॉक्सपर्यंत सळ्या जातात. त्यातल्या एकीच्या टोकाचं भोक झिजून मोठं झालेलं. त्यात बसणारी कडी, बुश, कधीच गेली. अमेरिकन गाडी, पार्ट कुठे मिळणार? मग ह्यांनी गावाकडचा उपाय केला. भडगावला सासरे बैलगाडीच्या आखाला तेलातली अंबाडी भरत, तसंच. "ओरिजिनल मिळेपर्यंत," म्हणायचे. मिळालं नाही. दर महिन्याला मी अंबाडीचा वाख भिजवायचा, मांडीवर वळायचा. ह्यांनी गुंडाळायचा.

शेवटचा ह्यांनी काविळीने पडायच्या आधी गुंडाळला. त्यातून उठले नाहीत. तो अजून गाडीखाली आहे. मी वाकून बघितला.

२ डिसेंबर

लेकीचं, नंदाचं ठरलं. मुलगा दोंडाईचाचा, शाळेत मास्तर. लग्न फेब्रुवारीत.

पाहुणे गेल्यावर नंदा शेडमध्ये जाऊन गाडीला टेकून उभी होती. म्हणाली, "बाबा म्हणायचे, तुझ्या पाठवणीला गाडीत अंबाडी नसणार. ओरिजिनल टाकून नेईन."

म्हणायचे खरं. परक्यांच्या नवरदेवांना घेऊन जन्मभर हिंडले. हे ज्यांच्याकडे ड्रायव्हर होते त्या जिनिंगवाल्या शेठनी गाडी ह्यांनाच देऊन टाकली होती, दुसऱ्या कुणाच्या हातात ती चालतच नसे. दुसऱ्या गिअरमध्ये अडकायची. लग्नाच्या गर्दीत, बँड वाजत असताना हे खाली उतरून गाडीखाली जायचे आणि नवरदेव फेटा सांभाळत वाट बघायचा.

मी ठरवलं. पार्ट शोधायचा. नंदा ह्याच गाडीतून जाईल.

अक्का, म्हणजे माझी थोरली नणंद, भडगावहून आल्या आहेत. ऐकून म्हणाल्या, "बठ्ठं आयुष्य त्यानं त्या गाडीखाले गयं. आते तू बी तठेच जाशी का? गाडी शे का सवत शे तुनी?"

मी म्हटलं, सवत असती तरी तिला असं शेडमध्ये गंजू दिलं नसतं. अक्का हसल्या, मग रडल्या.

१४ डिसेंबर

एस.टी.ने धुळ्याला. सलीमभाई मिस्त्री, ह्यांचे जुने दोस्त. गॅरेजमध्ये मला बघून हात पुसत उठले, स्टूल पुसून दिलं. मग मीच कामाचं काढलं.

"भाभी, अंबाडीवर अमेरिकन गाडी चालवणारा हिंदुस्थानात एकच माणूस. मी त्याला म्हणायचो, अरे, आता बैल पण जुंप."

सळी, बुश आणि क्लिप, तिन्ही एकाच मापाचं हवं, नाहीतर फायदा नाही, म्हणाले. मालेगावला विचारतो, इंदूरला माणूस पाठवतो.

परतताना पारोळ्यापर्यंत खिडकी मिळाली नाही. बरं झालं. हा सगळा रस्ता ह्यांचा.

५ जानेवारी १९९२

इंदूरहून नाही. मालेगावचा बुश मोठा निघाला.

संध्याकाळी भाकरी थापताना कान कोपऱ्यावर जातो. निंबापाशी वळून दुसऱ्याचा तिसरा गिअर पडला की खट् आवाज यायचा. तो आला की मी भाकरी तव्यावर टाकायची. हे हातपाय धुऊन बसेपर्यंत फुगलेली. आता आवाज नाही, तर कधी टाकायची ते कळत नाही. नंदा म्हणते, आई, तवा लाल झाला.

हे पार्ट शोधून धुळ्याहून आले की मी आधी विचारायची, मिळालं? "नाही." ताटावर बसता बसता, "वाख आहे ना घरात?" दर वेळी हेच दोन प्रश्न, एक माझा, एक त्यांचा.

२१ जानेवारी

सलीमभाईंचं कार्ड. पार्ट मिळाला. कुठे, तर धुळ्यातच. आग्रा रोडच्या मागच्या बोळात एक म्हातारा जुन्या गाड्यांचं सामान घेऊन बसतो, त्याच्याकडे कागदात गुंडाळलेला, नवाकोरा. इंदूर पालथं घातलं आणि हा घरात.

कार्ड मी दोनदा वाचलं. लिहा-वाचायला नंदाच्या पाटीवरून शिकले, अजून घाईत लिहिलेलं अक्षर अडतं. नंदा नाचली. मीही हसले असेन.

२८ जानेवारी

आज बसवला. जमेल तसं लिहिते.

सलीमभाई सकाळीच आले. गाडीखाली गेले. मी शेडच्या दारात. गाडीखालून सांगत होते, म्हणजे एकटेच बोलत होते. दांडा न्यूट्रलला आणायचा. सळ्या जिथे अडकतात त्या वरच्या तिन्ही पट्ट्यांच्या भोकांतून एक खिळा आरपार गेला पाहिजे. तो गेला की सळ्यांची लांबी जमली. "गेला, भाभी."

मग खालून हात आला. तळव्यावर काळी अंबाडी. "ही घ्या."

मी घेतली. चुलीत सारली. चहाचं आधण ठेवायचं होतं. भुरकन पेटली.

माझ्या मनात काहीच आलं नाही. हात गेला, सारली. इतक्या वर्षांचा हात.

सलीमभाई गाडी घेऊन एक चक्कर मारायला गेले. मी चहा गाळत कान देऊन होते. बराच वेळ काही नाही. वर बघितलं तर दारात उभे. गाडी मागे, निंबाखाली. कधी आली, कळलंच नाही.

"एकदम मक्खन, भाभी. करंगळीने गिअर पडतो."

चहा पिताना म्हणाले, सळीचं नाव काढताच म्हाताऱ्याला आठवलं. म्हणाला, ही जळगावचा एक ड्रायव्हर दोनदा येऊन हातात घेऊन बघून गेला. पुसायचा, उजेडात धरून बघायचा. दुसऱ्या खेपेला म्हाताऱ्याने विचारलं, बांधू का? तर म्हणाला, "राहू द्या. घरून अंबाडी चांगली वळून मिळते."

सलीमभाई हे गंमत म्हणून सांगत होते. माझ्याकडे बघून थांबले.

मी चुलीत बघितलं. राख होती. बाकीच्या राखेसारखीच.

२९ जानेवारी

नंदाला सांगितलं नाही.

वाख आहे ना घरात. असं विचारायचे.

१० फेब्रुवारी

लग्न पार पडलं. नवरीची गाडी बघायला गल्ली लोटली. झेंडूच्या माळा, पुसलेली काच, पुढे सलीमभाई, स्वच्छ सदरा घालून. अक्कांनी चाकाखाली नारळ ठेवला. मला मागे उभं केलं होतं बायकांनी, विधवेने पुढे येऊ नये म्हणून. अक्काच ओरडल्या, "तिले पुढे येऊ द्या. तिनी गाडी शे." मग बायकांनी वाट दिली.

नंदाने काच खाली केली. डोळे भरलेले, पण हसत होती. "आई, बघ, बाबांनी शब्द पाळला."

मी मान हलवली.

नारळ फुटला, गाडी निघाली. निंबापाशी वळली. दुसऱ्याचा तिसरा तिथेच पडला असणार. काही ऐकू आलं नाही. बायका आत गेल्या, मी थोडा वेळ उभी राहिले.

१२ फेब्रुवारी

सलीमभाई गाडी परत ठेवायला आले. वाटेत एकदाही अडकली नाही. नंदा खुशीत आहे.

मी विचारलंच. हे म्हाताऱ्याला 'राहू द्या' का म्हणाले असतील?

सलीमभाईंनी चहाचा कप फिरवला. "भाभी, असंही असेल की लग्नापर्यंत तिथेच पडू द्यावी म्हणून ठेवली असेल. पोरीला शब्द दिला होता ना. तेव्हा घेऊन जाऊ, म्हटलं असेल." मग म्हणाले, "आणि तो म्हणाला तसंही असेल."

मी विचारलं, अंबाडी परत भरायची म्हटली तर? तर म्हणाले, नवी सळी काढावी लागेल, जुनी माझ्याकडे ठेवली आहे, फेकली नाही. पण पोरीच्या बापाने शब्द दिला होता... तुम्ही बघा.

उद्या धुळ्याला जाऊन त्या म्हाताऱ्याला भेटावं म्हणते. 'राहू द्या' कसं म्हणाले, हसून की कसं, एवढंच विचारायचं. त्याला आठवेल का?

१४ फेब्रुवारी

काल धुळ्याला गेले नाही. माळ्यावरून वाख काढला, निवडला आणि घंगाळात भिजत घातला.