शपथेचा नारळ

रविवार, संध्याकाळ

हरलो! एका गोलाने. आणि तरी मी अशी खूश, जणू चषक माझ्याच शोकेसमध्ये आहे.

मुलींच्या संघातल्या पूजाने तक्रार केल्यापासून क्लबात एकच धोशा: सुहास नसेल तर फायनल गेली. आमचा स्ट्रायकर ना तो! त्याने क्लबाच्या खोलीत अडवून अंगावर हात टाकला, असं ती म्हणते. तो नाही म्हणतो. काल बैठकीला अध्यक्ष बाबलकाका चक्क नारळ घेऊन आले. "देवळात ह्येच्यार हात ठेवन सुहासान शपथ घेतल्यान की विषय संपलो."

मी सेक्रेटरी, बैठकीत एकटी बाई. त्या नारळाकडे बघतच म्हटलं, "काका, देवाक कित्याक मधी घालतास? बाहेरची माणसा चौकशी करतली. ती पुरी होईसर सुहास खेळाचो नाय. निर्दोष ठरलो तर मीच तेका जर्सी देतलंय."

मग गोलकीपर उठला, सुहासचा सख्खा चुलतभाऊ. "वयनी म्हणता तसाच होवंदे." घरी काय काय ऐकावं लागलं असेल त्याला?

आज सुहासशिवायचा सामना संपला आणि पूजा आली. इतके दिवस मैदानाकडे न फिरकलेली मुलगी, बूट घालून सरावाला! नारळ अजून काकांच्या पिशवीतच होता. गोलखांबापाशी उभे राहून त्यांनी मुलींसाठी देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या मैदान चेडवांचासुद्धा आसा. तेंची राखण कर!" आणि नारळ फोडला.

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा.