पाठकोरे कागद

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा फोन लागत नाही. तीनदा लावला, आणि तिन्ही वेळा एक बाई गोड आवाजात म्हणाली की असा नंबरच नाही. म्हणून आता पत्र. माझं अक्षर अजून तसंच आहे, चिडायचं नाही.

मला इथे येऊन चार महिने झाले. काम बरं आहे. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसायचं, भिंगं घासायची आणि फ्रेमच्या मापाने त्यांच्या कडा उतरवायच्या. बोलायला फक्त यंत्र, आणि ते दिवसभर किंचाळतं. राहायची खोली तिसऱ्या मजल्यावर, एवढीशी, पण पाय ठेवायला जागा नाही, कारण मी सारखं काहीतरी विकत आणते. एक टेबल आहे आणि त्यावर लावायला दिवे तीन. भाजी आणते ती कुजते, पाव आणते त्याला बुरशी येते. पगार वीस तारखेला धारातीर्थी पडतो.

बाबा म्हणाले, तुझ्या आत्याला विचार. तिने इस्पितळाच्या कपडेकोठीत एकतीस वर्षं काढली, तिच्या हाताखालून गेलेली चादर मेल्यावरही कामाला येते. त्यांना तुझी काळजीही वाटते. आतोबांना जाऊन दोन वर्षं झाली, ही एकटी काय करते, घरी कोण येतं-जातं, हे नक्की विचार असं बजावलंय. गुडघा बरा असता तर स्वतःच आले असते. तेव्हा दोन्ही प्रश्नांची उत्तरं दे: काटकसर कशी करतात आणि तू कशी आहेस.

तुझी भाची

—

१३ फेब्रुवारी

चि. उधळीस,
अनेक आशीर्वाद.

फोन मीच काढून टाकला. वर्षभरात अकरा वेळा वाजला. सात चुकीचे नंबर होते, बाकी चार वेळा तुझे बाबा गुडघ्याविषयी बोलले. गुडघ्याविषयी पत्रातही लिहिता येतं.

आता काटकसर. चादर नेहमी मधे विरते, कारण माणूस मधे झोपतो. कडा नव्यासारख्याच असतात. ती मधोमध उभी फाडायची, दोन्ही कडा आत घेऊन एकमेकींना जोडायच्या, म्हणजे विरलेला भाग बाहेर जाऊन गादीखाली दबतो. आणखी पाच वर्षं बघायला नको. मग तिचे अभ्रे, अभ्र्यांची हातपुसणी, हातपुसण्यांची फरशीची फडकी. साबणाचे तुकडे जुन्या मोज्यात भरून गाठ मार आणि त्यानेच हात धू. भाज्यांची सालं-देठं धुऊन साठव, आठवड्याने उकळून गाळ, सूप होतं. दुकानात उपाशीपोटी जाऊ नये. आणि एखादी वस्तू हवीशी वाटली की कागदावर लिहून महिनाभर थांबायचं. दहातल्या नऊ वस्तू महिन्याभरात आपोआप नकोशा होतात.

मी कशी आहे म्हणशील तर ठणठणीत. पेपर बंद केला. आजची बातमी उद्या कळली काय आणि न कळली काय, माझं काही अडत नाही. पेपरवाला जिना चढताना शीळ घालायचा, तेवढी आता ऐकू येत नाही. हा कागद आतोबांच्या छापखान्यातल्या कडेच्या छाटणीचा. ते गठ्ठेच्या गठ्ठे घरी आणायचे. आता हाच एक ताव उरलाय, म्हणून अक्षर बारीक काढलंय. डोळे ताणून वाच, तुझा तो धंदाच आहे.

लोभ आहेच. तो मात्र काटकसरीने वापरू नये.

तुझी आत्या

—

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाठ झालं आणि कामाला लागले. चादर फाडली, जोडली, आणि मोठ्या ऐटीत अंथरली. शिवण माझ्या बरोबर पाठीखाली आली. ती इतकी जाड झाली होती की सकाळी मीच मधोमध दुमडल्यासारखी उठले. सूप मात्र चांगलं झालं. मोज्यातल्या साबणाला पाहून घरमालकीणबाई म्हणाल्या की नळाला पाय फुटला.

यादीही केली. पहिल्याच दिवशी सात वस्तू लिहिल्या. महिना संपायचा आहे, पण एक गोष्ट कळली ती तुलाच सांगते, बाबांना कळवू नकोस. मला दिवा नकोच होता. भांड्यांच्या दुकानातली बाई मला ओळखते. आज उशीर झाला का, दमलेली दिसतेस, असं विचारते. तेवढं ऐकायला मी दुकानात जाते, आणि रिकाम्या हाताने परतायची लाज वाटते म्हणून काहीतरी उचलते. गेले पंधरा दिवस गेले नाही. पैसे उरलेत. पण सोमवारी लक्षात आलं की शनिवारपासून मी कोणाशी एक शब्द बोललेले नाही.

तुलाही असं होतं का गं? आतोबा गेल्यावर तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस. आम्हीही विचारलं नाही, ते चुकलंच.

तुझी भाची

—

१४ मार्च

चि. उधळीस,
अनेक आशीर्वाद.

पान उलटलंस तर तुझंच अक्षर दिसेल. दचकू नकोस. छाटणीचा शेवटचा ताव मागच्या पत्रात संपला, आणि तुझं पत्र चांगलं पाठकोरं होतं. पाठकोरा कागद वाया घालवणं माझ्याने होत नाही. यापुढे असंच करू: तू एका बाजूला लिही, मी दुसऱ्या बाजूला. लिफाफाही तुझाच उलटून चिकटवला आहे.

शिवण सपाट बसवायची असते, कडा कडेला भिडवून. तू एकीवर एक चढवलीस, त्याचं फळ पाठीने भोगलं.

माझं म्हणशील तर मी पुष्कळ सुटसुटीत झाले आहे. दूध बंद केलं. एकटीला अर्धा लिटरही जास्त होतं, उरलेलं नासायचं, आणि कोरा चहा काही वाईट नसतो. दूधवाल्या बाई दारात उभ्या राहून सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या, त्यात सकाळचा पाऊण तास जायचा. आता तोही वाचतो. पाव मीच रविवारी भाजून ठेवते, त्यामुळे बेकरीची पायपीट गेली. दुसरी खुर्ची खालच्या मजल्यावरच्या, शिंग वाजवायला शिकवणाऱ्या बाईंना देऊन टाकली, त्यांच्याकडे विद्यार्थी उभे असतात. बसणार नाही कोणी तर पुसायची कशाला? परवा सहज हिशेब केला तर आठवडाभर दाराची कडी काढायची वेळच आली नव्हती.

तू विचारलंस त्याचं उत्तर: सवय होते. आधी होत नाही, मग होते.

लोभ ठेव, आणि त्या भांड्यांच्या दुकानात जायला हरकत नाही. फक्त पिशवी घरी ठेवून जा.

तुझी आत्या

—

२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून पिशवी घरी ठेवून गेले. त्या बाई म्हणाल्या की आज काही नको का. मी म्हटलं, नको, सहज आले. त्यांनी स्टूल पुढे केलं. अर्धा तास त्यांच्या मोतीबिंदूवर बोललो. आता मी त्यांच्या ओळखीची झाले, गिऱ्हाईक राहिले नाही.

पण आत्या, तुझं पत्र वाचून मला झोप आली नाही. शीळ गेली, दूधवाल्या बाई गेल्या, बेकरी गेली, फोन गेला, खुर्ची गेली. तू वस्तू कमी करते आहेस असं म्हणतेस, पण मला तर त्यात माणसंच दिसतात. एकेक करून सगळी तू बंद केलीस. मला काही झालं तर यंत्र थांबल्याचं मालकाला पाच मिनिटांत कळेल. तुला काही झालं तर कोणाला कळेल?

आणि आणखी एक. काल मी खण आवरला. तुझी दोन पत्रं आहेत, आणि दुसऱ्याच्या पाठीवर माझंही. म्हणजे यापुढचं तुझं-माझं सगळं बोलणं माझ्याच खणात. तुझ्याकडे काय राहिलं? माझं पहिलं पत्रही तू कशाला तरी वापरून टाकलं असशील. हे वाचून रागावशील, पण मला खूप वाईट वाटलं. निदान दूध तरी पुन्हा चालू कर. नासलं तर नासू दे.

तुझी भाची

—

१० एप्रिल

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

कालपर्यंत मोज्यात साबण भरायला शिकत होतीस, आज मलाच घर कसं चालवावं ते शिकवतेस. दूध नासू दे, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. एकतीस वर्षं एक हातरुमालसुद्धा माझ्या हातून वाया गेला नाही, ते आता कोणाची तरी ओळख टिकावी म्हणून दूध नासवायला नव्हे.

पत्र वाचलं की लक्षात राहतं, ते साठवून काय करायचं? आतोबांची पत्रं मी जपून ठेवली होती. ते गेल्यावर वाचायला घेतली आणि तीन दिवस अंथरुणातून उठले नाही. तेव्हापासून ठरवलं की ज्याची सवय लागेल असं काही घरात ठेवायचं नाही. गरजा नसल्या की माणूस अडत नाही. मी अडत नाही. काळजी नसावी.

तुझी आत्या

—

१ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे मी मुद्दाम लिहिलं नाही. फुगून बसले होते. तू लोभाचा शब्दही न लिहिता पत्र संपवलंस ते मनाला लागलं. रोज दुकानातून आले की ठरवायची, आज नाहीच लिहायचं, तिला अडत नाही ना, मग नाही.

पण मला अडतं. तुला शिवणीबद्दल काय सांगायचं, आज भिंग तुटलं ते कोणाला सांगायचं, हे दिवसभर मनात साचत राहतं. म्हणून मीच हरले. तुला आतोबांची पत्रं वाचून इतकं दुःख झालं हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या दिवसांत परीक्षेचं कारण सांगून आले नाही, ते कारण खोटं होतं. मला तुझ्यासमोर काय बोलावं कळलं नसतं. क्षमा कर.

दूध चालू करू नकोस. काहीच करू नकोस. फक्त उत्तर लिही, हवं तर याच्याच पाठीवर.

तुझी भाची

—

१७ मे

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

हा कागद नवा आहे. दुकानातून आणवला. पाठकोरा नाही, तर दोन्हीकडून कोरा. तुझं पत्र उशीखाली आहे, ते परत मिळणार नाही.

सगळं नीट सांगते, घाबरू नकोस. चार तारखेला सकाळी माळ्यावरचा डबा काढायला पेटीवर चढले. पेटी सरकली. डावं मनगट मोडलं आणि कमरेला असा मार बसला की उठता येईना. स्वयंपाकघरात फरशीवर पडले होते. हाका मारल्या. खाली शिंगाचा वर्ग चालू होता, आणि एकदा शिंगं सुरू झाली की त्या घरात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. वर्ग संपेपर्यंत माझा आवाज बसला होता.

पडल्या पडल्या मी विचार केला की आता कोण येईल. पेपरवाला आला असता, पेपर दारात तसाच पाहून त्याने कडी वाजवली असती. दूधवाल्या बाईंनी तर दार फोडलं असतं, त्यांना सुनेचं सांगायचं असतंच. बेकरीवाल्याने विचारलं असतं की आज बाई का आल्या नाहीत. एकेकाची वाट पाहिली आणि एकेकाला मीच घालवल्याचं आठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तशी होते. तहान फार लागली. मी रडले. रडत नाही असं सगळ्यांना सांगते, पण रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपालवाला तुझं पत्र घेऊन आला. लिफाफ्यावर तू तिकीट कमी लावलं होतंस, म्हणून बाकीचे पैसे घेतल्याशिवाय फटीतून टाकता येईना, कडी वाजवावी लागली. वाजवली, मी तांब्या फरशीवर आपटला, आणि त्याला ऐकू आलं. तू आणखी आठ दिवस फुगून बसली असतीस तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. तुझी उधळपट्टी संपली आणि कंजूषपणा सुरू झाला, तो नेमका तिकिटावर. देव करो आणि तू अशीच चुकत राहोस.

इस्पितळात सहा दिवस ठेवलं. कोठीतल्या नव्या मुलींपैकी मला कोणी ओळखत नाही. घरी आणून सोडलं. आता हाताला प्लास्टर आहे आणि एक भलतीच अडचण झाली. माझे सगळे झगे मीच शिवलेले, पाठीवर बटणांचे. एका हाताने ती लागत नाहीत. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत झगा पाठीवर उघडा ठेवून घरात फिरले. मग शाल गुंडाळून खाली गेले आणि शिंगवाल्या बाईंच्या दारात उभी राहिले. त्यांनी मला फिरवलं आणि बटणं लावली. हात गार होते. त्यांच्या घरी दोन वर्षांत मी एकदाही गेले नव्हते, खुर्चीसुद्धा जिन्यातच दिली होती. आता रोज सकाळी जाते. त्या बटणं लावतात, चहा देतात, आणि त्यांची एक विद्यार्थिनी किती बेसूर वाजवते ते सांगतात. परवा मला जायला उशीर झाला तर त्या स्वतःच वर आल्या.

काल बाई म्हणाल्या की तुम्ही एवढ्या शिवणकाम करणाऱ्या, बटणं पुढे का घेत नाही. खरं आहे. प्लास्टर निघालं की एका झग्याला अर्धा तास, पाच झगे, अडीच तासांचं काम. कोणावर अवलंबून राहायला नको.

मी ती पुढे घेणार नाही, पोरी. हात बरा झाला तरी नाही.

रजा मिळेल तेव्हा ये. मला तू हवी आहेस.

तुझी आत्या